बैठक आणि पत्रा

रविवारी सकाळी रत्नागिरीतल्या कुठल्याही वाडीतून चक्कर मारली, की दारोदार गाड्या धुताना दिसतात. कुणी बादली घेऊन, कुणी नळाला पाइप लावून. बोनेटवर पाणी पडतं, टायर घासले जातात, काचा वर्तमानपत्राने पुसल्या जातात. त्या गाड्यांच्या चालकाच्या सीटखाली मात्र एक आडवा दांडा असतो, आणि पुष्कळ घरांत तो गाडी आल्या दिवसापासून कुणी हलवलेला नसतो. ज्याने गाडी दारात आणून लावली, तो ज्या मापावर बसला होता त्याच मापावर सगळं घर वर्षानुवर्षं गाडी चालवतं. मला हे फार लागतं. माझी उंची पाच फूट आहे.

गाडी शिकायला गेले तेव्हा तिथल्या सीटचा दांडा गंजून बसला होता. शिकवणाऱ्यांनी मला दोन उशा दिल्या, एक पाठीमागे, एक खाली. ‘लेडीजना द्यावीच लागते,’ असं ते सहज म्हणाले. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. जोरात ब्रेक दाबला की खालची उशी पुढे सरकायची, मी तिच्याबरोबर घसरायची, आणि कमरेवरचा पट्टा पोटावर चढायचा. पट्ट्याचा कमरेचा भाग मांड्यांच्या वर, कटीच्या हाडांवर बसायला हवा. खांद्याचा भाग गळपट्टीच्या हाडावरून, छातीच्या मधोमध जायला हवा. हाडं धक्का सोसतात, पोट सोसत नाही. उशीवर बसलेल्या माणसाचा पट्टा नेमका हाडं सोडून मऊ भागावर जातो. म्हणजे ज्या सोयीने मला रस्ता दिसत होता, तीच अपघातात मला इजा करणार होती.

गाडी कुणाच्या मापाने बेतलेली असते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. धडकेच्या चाचण्यांत जो पुतळा जगभर सर्वांत जास्त वापरला गेला, तो सुमारे १७५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचा. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. लहान चणीच्या स्त्रीचा पुतळाही चाचण्यांत असतो, पण पुष्कळदा त्याला शेजारच्या सीटवर बसवतात. त्या तेवीस सेंटिमीटरांच्या फरकात आमच्यासारख्या कितीतरी जणी रोज गाडी चालवतात. तो फरक भरून काढायला कारखान्याने दिलेली साधनं म्हणजे दोन-तीन दांडे आणि एक बटण. ती वापरायची नाहीत, तर गाडी शेवटपर्यंत परक्याचीच राहते.

लहानपणी बाबांच्या कार्यालयाची अँबॅसिडर असे. पुढे एकसंध बाक, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. तिघंजण पुढे सहज बसत, आणि मला मधली जागा मिळाली की दिवस सार्थकी लागायचा. गाडी चालवणारे काका बुटके होते. पाठीशी घोंगडीची घट्ट गुंडाळी बांधून ते बसत. त्या काळी तेवढाच उपाय होता. आता प्रत्येकाला स्वतंत्र सीट आहे, रुळावर सरकणारी, पाठ कलती होणारी, पुष्कळ गाड्यांत वरखाली होणारी. उपाय हाताशी असताना गुंडाळी बांधून बसण्याला मी सवय म्हणेन, नाइलाज म्हणणार नाही.

सीट लावायला दोन मिनिटं लागतात, पण क्रम चुकला तर सगळं पुन्हा करावं लागतं. आधी कंबर सीटच्या आतल्या कोपऱ्यात पूर्ण मागे टेकवायची. मग उंची. बाजूचा दांडा पुन्हा पुन्हा वर ओढला की सीट एकेक टप्पा चढते. डोकं आणि छत यांत चार बोटांचं अंतर राहील, आणि स्टिअरिंगच्या वरून रस्ता मोकळा दिसेल, इतकी ती वर हवी. मग अंतर. डाव्या पायाने क्लच तळापर्यंत दाबायचा. तरी गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. उजव्या पायाने ब्रेकही तसाच दाबून बघायचा, कारण गाय आडवी आली की तो पाय पूर्ण ताकदीने पडणार असतो आणि सरळ ताठ झालेल्या पायात ताकद राहत नाही. दांडा सोडल्यावर खट् आवाज येतो. तेवढ्यावर विसंबायचं नाही. बसल्या जागी कंबरेने सीट पुढेमागे ढकलून बघायची. रुळाच्या दोन्ही बाजूंचे दात अडकलेले नसले, तर घाटात पहिल्याच ब्रेकला सीट सुटते.

नंतर पाठ. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात पुढे केला, तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पडायला हवं. म्हणजे चालवताना कोपरात वाक राहतो. तरुण मुलं पाठ पार मागे कलती करून एका हाताने गाडी चालवतात. ऐटीत दिसतं, पण वळणावर चाक फिरवताना खांदा सीटवरून सुटतो आणि माणूस चाकालाच लोंबकळतो. पुढे फार सरकून बसणंही बरं नाही. स्टिअरिंगच्या मध्यापासून छातीच्या हाडापर्यंत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि फुगताना तिचा तडाखा बसतो. बुटक्या माणसाचा खरा पेच इथे आहे. पाय पोचवायला पुढे यावं, तर छाती जवळ येते. तेव्हा सीट एक टप्पा वर घ्यायची, पाठ किंचित मागे घ्यायची, आणि स्टिअरिंग खाली घेऊन त्याचं तोंड चेहऱ्याऐवजी छातीकडे वळवायचं. या तीन हालचालींत माझे ते २५ सेंटिमीटर मला मिळाले. त्या दिवशी मी गाडीतून उतरूच नये असं वाटत होतं.

मग डोक्यामागची उशी. तिचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याशी यावा आणि डोक्यापासून ती फार लांब नसावी. मागून कुणी धडकलं, की धड सीटबरोबर पुढे जातं आणि डोकं मागे राहतं. मानेला बसणारा तो झटका अडवायला ती असते. मानेशी खाली दाबून ठेवलेली उशी उलट टेकूसारखी काम करते आणि डोकं तिच्यावरून मागे जातं. आरसे सगळ्यांत शेवटी, कारण सीट हलली की डोळ्याची जागाही हलते. आंबा घाट चढून कोल्हापूरला जायचं तर वळणावळणाला क्लच लागतो. सीट लांब असलेला माणूस दर वेळी कंबर उचलून तो दाबतो, आणि पोचल्यावर रस्त्याला शिव्या घालतो. पाठदुखीचा दोष पुष्कळदा रस्त्याचा नसतोच.

आमच्या घरात गाडी दोघं चालवतो. नवरा सहा फुटांना थोडा कमी. मी चालवून आणली की त्याचे गुडघे डॅशबोर्डला अडकत, आणि त्याने चालवली की मी बसल्यावर ब्रेक पलीकडच्या गावात. आता नियम आहे. उतरताना सीट पूर्ण मागे सोडायची, म्हणजे पुढच्याला निदान आत शिरता येतं. सीटच्या रुळाशेजारी नेलपॉलिशचे दोन ठिपके आहेत, लाल माझा, निळा त्याचा. दुसऱ्याच्या मापावर बसून नुसतं ‘चालतंय की’ म्हणणं हे दुसऱ्याच्या चपला घालून गडावर जाण्यासारखं आहे. जाता येतं, पण वाट आठवत नाही, पायच आठवतात.

शेजारच्या सीटचीही तितकीच काळजी करावी लागते. सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांना गाडीत बसवणं हे एक शास्त्र आहे हे कळलं. सीट पूर्ण मागे, पाठ थोडी कलती, आणि सीटवर एक प्लास्टिकची पिशवी पसरलेली. आधी पाठ सीटकडे करून बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. पिशवीमुळे शरीर सहज वळतं. बसून झालं की पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागताच माणूस घसरतं. सीट खाली असली की गुडघे कमरेच्या वर जातात आणि उठताना सगळा भार त्यांच्यावर येतो, म्हणून उशी द्यायचीच झाली तर ती पातळ आणि घट्ट हवी. ‘आई, आधी बसा, पाय मग,’ हे मी दर वेळी म्हणते. त्या दर वेळी, ‘माहीत आहे गं,’ म्हणतात आणि आधी पाय टाकतात.

आणि गणपती. कोकणात भाद्रपदात गाडीच्या पुढच्या सीटचा मान त्यांचा. मूर्तिकाराच्या शाळेतून मूर्ती आणायची, तर सीट पूर्ण मागे सरकवायची, पाठ ताठ उभी करायची, आणि बैठकीचा मागे जाणारा उतार घडी केलेल्या सतरंजीने सपाट करून त्यावर पाट ठेवायचा. सीट मुळात मागच्या बाजूला उतरती असते, माणूस घसरू नये म्हणून. तो उतार मातीच्या मूर्तीला चालत नाही. पाटाच्या कडांना उशा, मागे एकजण मूर्तीच्या प्रभावळीला हात लावून, आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. त्या दिवशी घरातला एकेकजण वाकून सीटखाली बघतो, दांडे ओढतो, अंतर मोजतो, मूर्तीचं तोंड कुठे येईल याची काळजी करतो. इतकी काळजी आपण रोज त्या जागी बसणाऱ्या माणसाची करावी, एवढंच माझं मागणं आहे.

मुलांच्या बाबतीत तर मी हट्टच धरते. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणं हे आपल्याकडे मायेचं लक्षण समजतात. हिशोब करून बघा. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाते आहे आणि धडकेत एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. १० किलोचं बाळ धरून ठेवायला तेव्हा सुमारे १४० किलो वजन उचलण्याइतकी ताकद लागते. कुठल्याच आईच्या हातांत ती नाही, मायेने येतही नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल, तर १,००० रुपये दंड आहे. तान्ह्या बाळाचं आसन मागच्या सीटवर, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून लावतात. डोकं जड आणि मान कोवळी असते, तेव्हा धक्का सगळ्या पाठीवर पसरतो. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर तसं आसन कधीही लावू नये.

आणखी एक. नवी गाडी आली की पहिल्या आठवड्यात जाडजूड सीट कव्हरं चढतात. ज्या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीच्या कडेतून निघते, तिथे ती कव्हरं तिची वाट अडवतात. सीटच्या कडेला छोटं लेबल असतं. कव्हर घेण्याआधी ते वाचावं.

आता बाहेरचं अंग. पत्र्यावर मुळात फॉस्फेटचा थर, त्यावर विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप. हा वरचा लेप साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. रविवारी आपण जी चमक बघतो ती या लेपाची. सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकतात, तेव्हा त्यावरची धूळ सगळ्या पत्र्यावर घासली जाते. आमच्याकडची धूळ जांभ्याची, लाल आणि खरखरीत. उन्हात तिरपं बघितलं की बोनेटवर जाळ्यासारखी गोल गोल रेघांची नक्षी दिसते, ती याच फडक्याची कमाई. पॉलिश करणारा ती घालवतो खरा, पण लेप थोडा घासूनच घालवतो. मुळात जेमतेम असलेली गोष्ट दर वर्षी घासत राहावी का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी नको म्हणते.

आधी नुसतं पाणी, वरून खाली, धूळ वाहून जाईपर्यंत. मग दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर यांनी वरचा मेणाचा थर धुतला जातो. छत आणि काचा आधी, दारांची खालची बाजू आणि चाकं शेवटी, चाकांचं फडकं वेगळं. उन्हात कधी धुवू नये. बोअरचं पाणी जड असलं तर थेंब वाळून पांढरे ठिपके बसतात आणि मग निघत नाहीत. मे महिन्यात आमच्या विहिरी तळाला जातात. तेव्हा पाइप लावून गाडी धुणं मला पाहवत नाही. दोन बादल्यांत होतं, निगुतीने केलं तर.

पक्ष्यांची विष्ठा हा इथला मोठा शत्रू. तिच्यातलं आम्ल उन्हात तापलेल्या लेपाला खातं, आणि जांभळं पिकली की तिचा रंगही जांभळा होतो. ती नखाने खरवडू नये. ओलं फडकं वर पाच मिनिटं ठेवावं, मऊ झाली की उचलून घ्यावी. दसऱ्याला गाडीची पूजा करतो, तेव्हाही थोडं बघावं. झेंडूचा हार तारेत ओवलेला नको, दोऱ्यात हवा. वाऱ्याने हलणारी तार बोनेट ओरखडते. कुंकवाचं बोट लावलं, की संध्याकाळी पाण्याने वाहू द्यावं, घासू नये. नारळ चाकापुढे फोडावा, पाणी जमिनीवर पडू द्यावं. वाहनाची पूजा आणि वाहनाची जपणूक यांत मला तरी फरक वाटत नाही.

समुद्राकाठी आणखी एक भर असते. दाभोळहून धोपाव्याला किंवा जयगडहून तवसाळला फेरीबोटीने गाडी नेली, की काचेवर खारट धुकं बसतं. पर्यटक ओहोटीच्या ओल्या वाळूवर गाड्या नेतात, चाकं रुतली की गावातली पोरं दोर घेऊन धावतात. गाडी निघते, पण खाली चेसिसच्या खोबणीत भरलेली खारी वाळू तिथेच राहते आणि काम करत राहते. समुद्रावरून आलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवायचं. वरचा पत्रा त्यानंतर धुतला तरी चालेल. कव्हर घालण्याचाही मोह आवरावा. धूळ असलेल्या गाडीवर कव्हर वाऱ्याने घासतं, आणि आमच्या दमट हवेत ओल आत कोंडते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या गावात गाडीला छप्पर हवं, पांघरूण नको.

गाडी स्वतःच्या हाताने पुसावी, असं मी म्हणते ते याच्यासाठी. चमक कुणीही आणून देईल. पण आपला हात पत्र्यावरून फिरला की त्याला बारीकसारीक कळतं. टायरच्या बगलेवरची चीर, वायपरच्या रबरावर आलेली धार, हेडलाइटच्या प्लास्टिकवर चढलेला पिवळेपणा, ज्यामुळे रात्री उजेड कमी पडतो आणि आपण चष्म्याचा नंबर तपासायला जातो. हे सगळं रस्त्यावर कळण्यापेक्षा अंगणात कळलेलं बरं. आतली सीट माणसाच्या मापाला लावणं आणि बाहेरचा पत्रा हाताने पुसणं, ही दोन कामं मला म्हणूनच एकाच जातीची वाटतात. दोन्हींत आपण गाडीकडे खरोखर लक्ष देतो.

यंदा पावसाळ्यानंतर मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फुगवटा हाताला लागला, तांदळाच्या दाण्याएवढा. डोळ्यांना दिसत नव्हता. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका डेंटिंग-पेंटिंगवाल्यांकडे नेली. त्यांनी नखाने टिचकी मारून ऐकलं. ‘वहिनी, वरून टचअप मारून देऊ का? मारतो, पण पुढच्या पावसात परत वर येईल. हे आतून आलंय.’ दाराच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोकं असतात. काचेच्या रबरावरून आत उतरलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. आमच्या दारातली भोकं लाल चिखलाने आणि कुजलेल्या पानांनी बुजली होती. त्यांनी तार घातली, तर तांबडं पाणी बराच वेळ ठिबकत राहिलं. मग त्यांनी गंज पार चकचकीत पत्र्यापर्यंत घासला, प्रायमर दिला, लांबी भरली, पुन्हा घासली, रंग आणि लेप मारला, आणि दाराच्या आतून मेणाचा गंजरोधक फवारा मारला. त्या कामात घाई नव्हती. गाडी तीन दिवस त्यांच्याकडे होती.

मुलीला नुकताच शिकाऊ परवाना मिळाला आहे. पुढेमागे लाल ‘एल’ लावून तिला घेऊन निघाले, तर निघण्याआधी चारही दारांखालची भोकं तिनेच तारेने साफ केली, आणि मग सीटवर बसली. ती बापाच्या वळणावर गेली आहे, पाय लांब. क्लचच्या मापाने सीट लावली, तर मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पोचेना. आमच्या गाडीचं स्टिअरिंग वरखाली होतं, पुढेमागे होत नाही. ‘मग कुणाचं ऐकू, पायाचं की हाताचं?’ तिने विचारलं. पायाचं, मी म्हटलं, ब्रेक आधी. आणि पाठ एक टप्पा उभी कर. तिने केली, मनगट पोचलं. हिरव्या नेलपॉलिशचा तिसरा ठिपका लावला, तो वाळेपर्यंत तिने आरसे लावून घेतले, आणि आम्ही शिरगावच्या बाजूला निघालो.